घरच्या सिम्युलेटरमध्ये कोल्हापूर परिसर: लहान विमान, कमी उंची आणि सीनरी

उजळाईवाडी२५ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. घरी सिम्युलेटर चालवणारे आपल्याकडे आता बरेच झाले आहेत, पण त्यांच्याशी बोलताना असे दिसते की बहुतेकांचा मुक्काम एअरबस ए३२० च्या कॉकपिटमध्येच असतो. मुंबईहून उड्डाण करायचे, ऑटोपायलट लावायचा, पस्तीस हजार फुटांवर ढग बघत बसायचे आणि दिल्लीला उतरायचे. त्यात गैर काहीच नाही. मात्र ज्या सिममध्ये साऱ्या पृथ्वीची उपग्रह छायाचित्रे पसरलेली आहेत, तिथे जमीन बघायची असेल तर विमान लहान आणि वेग कमी हवा, आणि उंची तर शक्य तितकी कमी हवी, असे माझे ठाम मत झाले आहे. त्यासाठी आपल्या जिल्ह्याबाहेर जायचीही गरज नाही.

मी मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरची २०२० ची आवृत्ती वापरतो आणि विमान बहुधा सेस्ना १७२ असते. पंख डोक्यावर असल्यामुळे खिडकीतून खाली बघताना मध्ये काही येत नाही, एवढे एक कारण मला पुरेसे आहे. वेग ९० नॉटवर आणून ठेवला की मिनिटाला पावणेतीन किलोमीटर जमीन मागे सरते. हा वेग असा आहे की खालचा रस्ता कोणता, तो कोणत्या गावाला जातो, आणि मघाशी दिसलेला ओढा कोणत्या नदीला मिळाला, हे ओळखायला वेळ मिळतो.

आपला विमानतळ राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, १९३९ साली, सुरू झालेला. त्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार फूट आणि धावपट्टी ०७/२५. धावपट्टी २५ वरून, म्हणजे पश्चिमेकडे तोंड करून, उड्डाण करून नाक न वळवता सरळ गेलात, तर तुम्ही जवळजवळ थेट गगनबावड्यावर जाता. उजव्या हाताला आधी कळंबा तलाव येतो, त्याच्या पलीकडे रंकाळा आणि त्याला चिकटलेले शहर दिसते. मग भोगावतीचे वळण, मग उसाचे पट्टे अरुंद होत जातात, दोन्ही बाजूंनी डोंगरांच्या सोंडा जवळ येतात, आणि वीसेक मिनिटांत समोरची जमीन एकाएकी संपते. गगनगडाच्या पलीकडे करूळ आणि भुईबावडा हे दोन्ही घाट खाली उतरतात आणि तुमच्या चाकांखालची उंची एका क्षणात दीड हजार फुटांहून अधिक वाढते. हे दृश्य प्रवासी विमानाच्या उंचीवरून बघा, तिथे फक्त एक गडद रेघ दिसेल.

दुसरा मार्ग नदीचा आहे. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती एकत्र येतात त्या प्रयाग चिखलीपासून पंचगंगा धरायची आणि कोणतेही नॅव्हिगेशन न लावता तिच्या वळणांनी शहराच्या बाजूने, इचलकरंजीवरून, नृसिंहवाडीला कृष्णेपर्यंत जायचे. नदी इतकी वळसे घेते की हात सतत चालू राहतो, आणि जॉयस्टिक नाजूकपणे धरायची सवय याच मार्गावर लागते.

या धाग्यात आपापले मार्ग, आवडती लहान विमाने आणि सीनरीतले गुणदोष लिहावेत ही विनंती.

गडवाट

धागा आवडला. मी पन्हाळ्यावर पुष्कळ घिरट्या घातल्या आहेत, त्यामुळे गुणदोषांपैकी दोषाचा भाग मी लिहितो. विमानतळाहून पन्हाळा वायव्येला पंचवीस किलोमीटरच्या आसपास, उंची ९७७ मीटर, म्हणजे ३,२०० फूट. आपल्या विमानतळाभोवती जमिनीपासून हजार फुटांवर फेरी मारायची म्हटली तर उंची तीन हजार फूट होते. म्हणजे सर्किटमध्ये असलेले विमान पन्हाळ्यापेक्षा खाली असते, ही गोष्ट पहिल्यांदा ध्यानात आली तेव्हा मला मोठी मौज वाटली.

पण गड जवळून बघितला की हिरमोड होतो. तट नाही, तीन दरवाजा नाही, आणि मुख्य म्हणजे कडा नाही. कड्याच्या जागी भाताचा ढीग ओतल्यासारखा गुळगुळीत उतार असतो. याचे कारण उंचीच्या माहितीत आहे. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अंतराळयानाने अकरा दिवसांच्या मोहिमेत रडारने पृथ्वीचा बहुतांश भूभाग मोजला. बऱ्याच सिम्युलेटरांतल्या आपल्याकडच्या डोंगरांचा पाया त्या किंवा तशाच मोजणीवर असतो. त्या माहितीत उंचीचा एक आकडा साधारण तीस मीटरच्या चौकोनाला मिळतो, जुन्या प्रतींत तर नव्वद मीटरच्या. सह्याद्रीचा कातळकडा आडव्या अंतरात दहा मीटरसुद्धा घेत नाही. वरचा आकडा एका चौकोनात, खालचा शेजारच्या चौकोनात, आणि सिम दोघांना सरळ रेषेने जोडते, की झाला उतार. आल्प्समध्ये किंवा अमेरिकेत अधिक बारीक मोजणी उपलब्ध असल्यामुळे तिथले सुळके टोकदार दिसतात आणि आपले कोकणकडे बोथट दिसतात.

याउलट मसाईचे पठार मात्र अप्रतिम आले आहे. सपाट माथ्याला तीस मीटरचा चौकोन पुरेसा असतो.

फ्लाइटलेव्हल३५०

धागाकर्त्यांनी ए३२० वाल्यांना पहिल्याच परिच्छेदात चिमटा काढला आहे, म्हणून बाजू मांडतो. आम्ही दृश्यासाठी उडतच नाही. विमान थंड आणि अंधारे असताना बसायचे, एकेक यंत्रणा क्रमाने जागी करायची, इंधनाचा हिशोब करायचा, आगमनाचा ठरलेला मार्ग पाळायचा आणि शेवटी पावसात, उपकरणांवर विश्वास ठेवून, धावपट्टी दोनशे फुटांवर दिसेपर्यंत खाली यायचे, यातला आनंद खिडकीबाहेरचा नाही, हे मान्य. पण सीनरी हाच सिम्युलेटरचा प्राण आहे, हा सूर मला पटत नाही. १९८२ साली मायक्रोसॉफ्टची पहिली आवृत्ती आली तेव्हा जमीन म्हणजे रेघा आणि रंगाचे काही पट्टे होते, आणि तरीही लोक रात्र रात्र त्यावर बसत होते. ते काय बघत होते?

जुना_खेळाडू

त्याचे उत्तर मी देऊ शकतो. आम्ही शिकागोचे मेग्ज फील्ड बघत होतो! कित्येक आवृत्त्यांत सिम सुरू केले की विमान त्या तळ्याकाठच्या एकुलत्या एका धावपट्टीवर उभे असायचे, आणि शिकागोला कधीही न गेलेल्या जगभरातल्या माणसांना तिथल्या उंच इमारतींची रांग पाठ झाली होती. ३० मार्च २००३ च्या रात्री तिथल्या महापौरांनी खरी धावपट्टी यंत्रे लावून उखडून टाकली, तेव्हा सिम चालवणाऱ्यांना घरातले कुणी गेल्यासारखे वाटले होते. सांगायचा मुद्दा असा की थोडीच का होईना, पण ओळखता येणारी जागा तेव्हाही लागतच होती. त्या काळी भारत म्हणजे बहुतेक ठिकाणी एकाच रंगाची सपाट जमीन होती, त्यामुळे आमचे लहानपण शिकागोत गेले.

आणि त्या १९८२ च्या आवृत्तीतले विमान सेस्ना १८२ होते, हेही नमूद करतो.

उजळाईवाडी२५ (धागाकर्ता)

@फ्लाइटलेव्हल३५०, चिमटा प्रेमाचा होता. पण लहान विमानात कसब लागत नाही, असा कुणाचा समज होऊ नये म्हणून एक प्रयोग सुचवतो. पश्चिमेकडून पंधरा नॉटचा वारा लावा, साडेचार हजार फुटांवर जा, आणि वाडी रत्नागिरीचे जोतिबाचे देऊळ डाव्या खिडकीत ठेवून त्याच्याभोवती गोल फेरी मारा. देवळापासूनचे अंतर बदलता कामा नये, एवढीच अट.

विमान कलवून तसेच धरून ठेवले तर फेरी गोल होत नाही, वारा तुम्हाला पूर्वेकडे ढकलत नेतो. वारा पाठीशी असताना जमिनीवरचा वेग जास्त असतो, म्हणून तिथे विमान अधिक कलवावे लागते; वारा तोंडावर आला की कल कमी करावा लागतो, आणि उंची राखण्यासाठी मधल्या मध्ये नाक सावरावे लागते. खऱ्या प्रशिक्षणार्थींना हाच धडा देतात. यात डोळे बाहेर ठेवावे लागतात, पडद्यावरच्या आकड्यांकडे बघत राहिलात की देऊळ पंखाआड गेलेच. सीनरी इथे शोभेची राहत नाही, तेच तुमचे उपकरण होते. चैत्र यात्रेत तो डोंगर गुलालाने न्हाऊन निघतो, सिममध्ये मात्र बाराही महिने कोरा असतो, याची तेवढी चुटपुट लागते.

मृगाचा_पाऊस

मी स्वतः विमान फारसे उडवत नाही, मुलगा उडवतो आणि मी शेजारी बसून गावे ओळखते. आमचे माहेर राधानगरीकडचे. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेले धरण आणि त्याचा जलाशय सिममध्ये नकाशासारखा अचूक दिसला, पण सात स्वयंचलित दरवाजे कुठेच नव्हते. भिंतीच्या जागी पाण्याला धरून एक तिरपी जमीन तेवढी होती. दाजीपूरचे जंगल मात्र इतके दाट दिसले की मला आश्चर्यच वाटले.

माझी तक्रार ऋतूबद्दल आहे. पाऊस, ढग, वारा हे सगळे त्या क्षणाचे खरे लावता येते, पण जमीन ज्या महिन्यात छायाचित्र घेतले त्याच महिन्याची राहते. आषाढात बाहेर मुसळधार आणि खिडकीतून खाली बघावे तर डोंगर उन्हाळ्यासारखे पिवळे. आपल्याकडे जून ते ऑक्टोबर हाच तर डोंगर बघायचा काळ! यावर काही उपाय आहे का? शिवाय मुलाच्या लॅपटॉपवर शहरावर आले की चित्र अडखळते. नवे यंत्र न घेता काही करता येईल का?

तळमजला

ताई, दोन्हींबद्दल लिहितो. मी अभियांत्रिकीला आहे आणि खोलीवर साधाच संगणक असल्यामुळे काटकसरीचे सगळे उपाय करून झाले आहेत.

एक्स-प्लेन १२ या दुसऱ्या सिममध्ये ऋतूनुसार झाडे आणि जमीन बदलण्याची सोय मुळातच आहे. पण तिची रचना युरोप-अमेरिकेच्या चार ऋतूंची असल्यामुळे आपला पावसाळा त्यात पुरता बसत नाही. त्याच सिमसाठी ऑर्थो४एक्सपी नावाचा मोफत प्रोग्राम मिळतो. तो तुम्ही निवडलेल्या नकाशाच्या चौकोनासाठी उपग्रह छायाचित्रे उतरवून जमिनीवर अंथरतो. छायाचित्रांचा स्रोत तुम्हाला निवडता येतो, म्हणून वेगवेगळे स्रोत बघून त्यातल्या त्यात हिरवा निवडायचा. डिस्कवर जागा मात्र भरपूर मोकळी ठेवा.

लॅपटॉप अडखळतो तो बहुधा शहरातल्या इमारती आणि झाडांच्या संख्येमुळे. मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये इमारती एकेक करून कुणी बांधलेल्या नाहीत. ऑस्ट्रियातल्या ब्लॅकशार्क या कंपनीच्या संगणकीय पद्धतीने छायाचित्रातली छपरे ओळखून त्या अंदाजाने उभ्या केल्या आहेत. म्हणून अंबाबाईच्या देवळाच्या परिसरात माझ्या पडद्यावर चौकोनी घरे उभी दिसतात, आणि म्हणूनच दाट वस्तीवर ताण येतो. इमारतींची घनता आणि दूरवरच्या तपशिलाची मर्यादा कमी करा, ढगांचा दर्जा एक पायरी खाली आणा, जमिनीच्या छायाचित्राचा दर्जा मात्र कमी करू नका. हजार-दीड हजार फुटांवरून बघताना डोळ्याला छायाचित्रच जाणवते, घरांची उणीव तितकी जाणवत नाही. जमिनीची माहिती उडताना इंटरनेटवरून येत असते, त्यामुळे घरात त्याच वेळी कुणी चित्रपट बघत असेल तर खालची शेते धूसर होतात. ठरलेल्या भागाची माहिती आधीच डिस्कवर साठवून ठेवण्याची सोय त्यात आहे, ती वापरा.

अगदीच जुने यंत्र असेल तर फ्लाइटगिअर आहे. ते पूर्ण मोफत आणि मुक्त आहे, सोबत सेस्ना १७२पी फार निगुतीने केलेले मिळते, आणि टेरासिंक चालू ठेवले की पुढची जमीन उडता उडता उतरत जाते. तिथे छायाचित्र नसते, शेत म्हणजे शेताचा ठरावीक पोत आणि जंगल म्हणजे जंगलाचा. डोंगर आणि नद्या मात्र जागच्या जागी असतात.

आणखी एक. जॉयस्टिक घेताना दांडी स्वतःभोवती फिरणारी घ्यावी, म्हणजे पायाचे रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारी पेडल) वेगळे घ्यावे लागत नाही. ओपनट्रॅक हा मोफत प्रोग्राम साध्या वेबकॅमवरून डोक्याची हालचाल ओळखतो. मान किंचित वळवली की पडद्यावरची नजर खिडकीकडे वळते. लहान विमानात सीनरी बघणाऱ्याने महागड्या ग्राफिक्स कार्डाच्या आधी हे करून बघावे.

निवृत्त_मास्तर

चर्चा जमिनीवर फार वेळ चालली आहे, थोडी हवेचीही व्हावी. मी पदार्थविज्ञान शिकवत होतो, म्हणून हिशोब करण्याचा मोह आवरत नाही.

एप्रिलमध्ये दुपारी कोल्हापुरात तापमान ३८ अंश धरू. दोन हजार फुटांवर प्रमाण वातावरणात (विमानांच्या हिशोबासाठी ठरवलेल्या आदर्श हवेत) तापमान ११ अंश असायला हवे. फरक २७ अंशांचा. दर अंशाला सुमारे १२० फूट या ठोकताळ्याने ३,२४० फूट होतात. त्यात मूळचे दोन हजार मिळवले की विमानाच्या दृष्टीने आपला विमानतळ त्या दुपारी ५,२०० फुटांच्या पुढे असतो. हवा विरळ झाली की साध्या पिस्टन इंजिनाची ताकद दर हजार फुटांना तीनेक टक्क्यांनी घटते. म्हणजे सेस्ना १७२एस च्या १८० अश्वशक्तीतून दीडशेच्या आसपासच हाती लागते, आणि पंखांनाही उचल मिळवण्यासाठी अधिक वेग लागतो.

सिममध्ये तापमान हाताने ३८ लावा आणि चार जणांचे वजन भरा. हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा लाल मुठीचा खटका पूर्ण आत ठेवून उड्डाण करा, इंजिनाला गरजेपेक्षा जास्त पेट्रोल जाते आणि फेऱ्यांचा काटा मलूल राहतो. आता थांबून, थ्रॉटल पूर्ण देऊन, तो लाल खटका हळूहळू बाहेर ओढा. काटा आधी चढतो, एका जागी सर्वांत वर जातो आणि मग उतरू लागतो. जिथे सर्वांत वर गेला तिथे आणून, किंचित आत सारून ठेवा. हा फरक अनुभवायचा असेल तर मदतीच्या यादीतले स्वयंचलित मिश्रण आधी बंद करायला हवे. बहुतेकांचे ते चालू असते आणि मग ‘लेह आणि कोल्हापूर सारखेच वाटते’ अशी तक्रार करतात.

उतरतानाची गंमत तर आणखी वेगळी. काट्यावर ६५ नॉट दाखवत असले तरी या विरळ हवेत खरा वेग ७० च्या घरात असतो, म्हणून धावपट्टी नेहमीपेक्षा वेगाने अंगावर येते. अशा वेळी नजरेवर भरवसा ठेवून वेग कमी करू नये, काट्यावर ठेवावा.

गडवाट

मास्तर, हा हिशोब वाचून मी मसाईवर उतरायचे विमान बदलले. पठारावर मी सेस्ना उतरवत होतो, आता एक्स-कब घेतो. मोठी मऊ चाके, मागे शेपटीचे चाक, आणि इतका कमी वेग की थोड्या वाऱ्यातही उतरल्यावर विमान शंभर-दीडशे मीटरमध्ये थांबते. पठाराच्या पश्चिम टोकाकडून वारा येत असेल तर कड्याच्या बाजूला तोंड करून उतरावे आणि निघताना त्याच दिशेने कड्यावरून बाहेर पडावे, चाके जमीन सोडतात तोवर खालची दरी सुरू झालेली असते. शेपटीचे चाक असलेले विमान जमिनीवर धावताना नाक वर असते आणि समोरचे काहीच दिसत नाही, म्हणून नागमोडी चालवत आळीपाळीने दोन्ही बाजूंनी बघत जावे लागते. नाद खुळा प्रकार आहे!

अर्थात प्रत्यक्षात असे कुणी करू नये आणि करूही देणार नाहीत, हे वेगळे सांगायला नको.

फ्लाइटलेव्हल३५०

काल सेस्ना घेऊन गगनबावड्याकडे गेलो. माझे मूळ मत कायम आहे, पण एक शंका आहे. त्या क्षणाचे खरे हवामान लावले होते, पश्चिमेचा वारा जोरात होता. घाटमाथ्याच्या अलीकडे काही किलोमीटरवर विमान सारखे खाली बसत होते, थ्रॉटल पूर्ण देऊनही उंची राखता येईना. आणि डोंगराची धार ओलांडताच ते आपसूक वर उचलले गेले. हे सिमचे वैगुण्य आहे की खरेच असे होते?

निवृत्त_मास्तर

खरेच असे होते. समुद्रावरून आलेला वारा सह्याद्रीच्या कोकणाकडच्या भिंतीवर आपटून वर चढतो आणि धार ओलांडून देशाच्या बाजूला खाली कोसळतो. तुम्ही कोल्हापूरकडून गेलात म्हणजे आधी कोसळत्या हवेत शिरलात आणि पलीकडे चढत्या हवेत पोचलात. डोंगराच्या आकाराप्रमाणे वारा वळवण्याची सोय सिममध्ये आहे, तुम्ही तिचाच अनुभव घेतला.

म्हणून धार ओलांडताना तिच्याशी काटकोनात जाऊ नये, पंचेचाळीस अंशांनी तिरके जावे. खाली बसू लागलात तर निम्मे वळून खोऱ्याकडे परत फिरता येते, समोरासमोर गेलात तर पूर्ण उलटे वळायला जागा लागते आणि ती तिथे नसते. माथ्यापासून किमान हजार फूट अंतर ठेवा, वारा जास्त असेल तर दोन हजार. ही उंची धारेच्या पुष्कळ अलीकडेच, करवीर तालुक्यावर असतानाच मिळवून ठेवावी.

तळमजला

एक राहिले. एक्स-प्लेनमधला आपला विमानतळ आपणच सुधारू शकतो. वर्ल्ड एडिटर हे मोफत साधन घेऊन धावपट्टी, टॅक्सीवे, टर्मिनल मांडायचे आणि सीनरी गेटवे या एक्स-प्लेनच्या संकेतस्थळावर पाठवायचे. तपासणीत बसले तर पुढच्या आवृत्तीबरोबर ते जगभर सगळ्यांना मिळते. आपल्या धावपट्टीचे विस्तारीकरण गेल्या काही वर्षांत झाल्यामुळे जुन्या माहितीवर चालणाऱ्या सिममध्ये ती अजून आखूड असते, म्हणून हे काम खरेच करण्यासारखे आहे. रस्ते ओपनस्ट्रीटमॅपवरून येतात. तिथे गावचा नवा रस्ता किंवा पूल कुणीही भरू शकतो, फक्त तो सिममध्ये उतरायला बराच काळ जातो.

मी टॅक्सीवे आणि पार्किंगचा कच्चा आराखडा सुरू केला आहे. गोकुळ शिरगावच्या बाजूने विमानतळाची हद्द नेमकी कुठे येते, हे कुणी रोज त्या रस्त्याने जाणाऱ्याने सांगितले तर पुढचे काम सोपे होईल.